डोमेनधारक हयात आहेत का?

४ फेब्रु., अमरावती
साइट सकाळपासून उघडत नाही. सिकलसेलच्या पोरांसाठी रक्तदात्यांची यादी, यांनी आणि मी मिळून केलेली. पत्ता मराठी अक्षरांत, शेवटी .भारत. तो यांचा हट्ट. यांचा ईमेल आज उघडला. नोंदणी कंपनीचं पत्र महिनाभर पडून होतं: डोमेनधारकाने ओळख पटवावी, नाहीतर नाव थांबवू. साइटचं नाव यांच्या नावावर, म्हणजे धारक हे. जाऊन चौदा महिने झाले.

५ फेब्रु.
कंपनीला फोन. आपलं नाव न सांगता विचारलं, धारक वारले असतील तर?
"वारस प्रमाणपत्र, मॅडम. कोर्टाचं. तोवर नाव लॉक."
आणि धारकाने स्वतः केलं तर? मोबाइलवर ओटीपी, दहा मिनिटांचं काम. यांचं सिम मी बंद पडू दिलं होतं.
नवीन नाव घेता येईल. पण दवाखान्यांच्या भिंतींवर जुनंच चिकटवलंय. आई-बाप तेच टाइप करणार.

७ फेब्रु.
यांचा नंबर लावून पाहिला. रिंग गेली. उचलला परक्याच माणसाने. अचलपूरचे एक टेलर, नवीन सिम घेतलं त्यात हा नंबर मिळालेला.
ओटीपी म्हटल्याबरोबर, "बाई, रोज सांगून राह्यले कोणाले देऊ नका. तुमाले काहून देऊ?"
ठेवला. त्यांचं बरोबरच आहे.

९ फेब्रु.
एसटीने अचलपूर. पिशवीत मृत्यूचा दाखला. टेलरकाकांनी तो दोनदा वाचला.
"तुमच्या घरच्यांले लोकं अजून फोन करतात. रक्त पायजे म्हनतात. मी राँग नंबर म्हनून ठेवून देतो."
मग मशीन थांबवलं. सहा आकडे मोठ्याने वाचले, मी टाकले. पुढचं पान आलं: धारकाने कॅमेऱ्यासमोर यावे, डोळे मिचकवावेत.
मी फोन पालथा ठेवला. मग त्यांनी चहा सांगितला.
परत येताना बसमध्ये लाज वाटत होती. यांना जिवंत दाखवायला निघाले होते मी.

१० फेब्रु.
वकील म्हणाले, वारस प्रमाणपत्राला सासूबाईंची सही लागेल. त्या अकोल्याला, दीराकडे. दीराला फोन केला.
"वहिनी, एका वेबसाइटीपायी आईले कोर्टात आनू? अन् उद्या हाच कागद घरावर चालवसान तुमी."
घर डोक्यातही नव्हतं. सांगितलं. पटलं नाही त्याला.

११ फेब्रु.
कंपनीला खरं कळवलं, दाखला जोडून. तासाभरात उत्तर: नाव लॉक केले आहे. कागद येईपर्यंत कोणालाही बदल करता येणार नाही.
फळीवरून दात्यांची जुनी वही काढली.

१३ फेब्रु.
अकोटहून एका आईचा फोन. माझा नंबर तिला तिथल्या नर्सने दिला. पोरगी सात वर्षांची, दोन दिवस हाडं दुखताहेत, डॉक्टरांनी रक्त सांगितलंय. "ताई, साइट काहून उघडून नाही राह्यली?"
जुन्या वहीतून अकोटचे तीन दाते वाचून दाखवले. संध्याकाळी तिने कळवलं, एक जण आला, रक्त चढतंय.
"पुन्हा लागलं तं तुमाले कुठं शोधू?"
याच नंबरवर, म्हटलं.
ठेवल्यावर आठवलं. हे सिमही यांच्याच नावावर आहे.