पुसलेलं गोंदण

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज सोडून फोटो स्टुडिओत शिरलो म्हणून नाक मुरडलंस, पण आज कामाचं चीज झालं. डोंगरावरच्या आदिवासी वस्तीतली धाकटी, जिच्यापायी माझी झोप उडालीय, तिची थोरली बहीण गेल्या वर्षी खाणीवर कामाला गेली ती परतलीच नाही. चौकीतला हवालदार म्हणतो, तुमच्या बायका अशाच, गेली असेल कुणाबरोबर. असं डोकं सणकलं! (हात उचलला नाही, शपथ.) शेवटी मीच पोस्टर केलं. लग्नातल्या घोळक्यातून थोरलीचा चेहरा कापला, रंग उजळला, डाग पुसले. हिरॉइन दिसतेय अगदी! सगळ्या बसथांब्यांवर चिकटवलंय. धाकटी काहीच बोलली नाही, भारावली असावी. सोबत एक प्रत.

लोभ कान न पिळता वाढवावा.
तुझा भाऊ

१५ मार्च

चि. तोफेस,
अ. उ. आ.

पोस्टर मिळालं. माझी ड्यूटी असते त्या वॉर्डात त्याच वस्तीतली एक बाळंतीण आहे, तिला दाखवलं. म्हणाली, ही कुणी शहरातली दिसते. मग त्या बाळंतिणीच्या हनुवटीवरच्या हिरव्या ठिपक्यांकडे माझं लक्ष गेलं. अरे शहाण्या, तू पुसलेले डाग म्हणजे गोंदण होतं ना? धाकटी भारावली नसेल, संतापली असेल. हवालदाराने थोरलीला शोधलं नाही, आणि तू तिला कुणी ओळखू नये अशी करून ठेवलीस. आता माफीची भाषणं ठोकत बसू नकोस. मूळ फोटो काढ आणि त्यांच्या आईला शेजारी बसवून काम कर.

जेवत जा वेळेवर. माया आहे म्हणूनच रागावते.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धाकटीच्या आईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून एकेक ठिपका परत आणायला लावला. मालक कुरकुरले, चेहरा फार काळा दिसतोय म्हणून. मी म्हटलं, तिचा आहे तसाच दिसतोय.

नवं पोस्टर लागलं आणि एक कंडक्टरबाई स्टुडिओत आली. तिने सांगितलं, गेल्या वर्षी खाणीच्या मुकादमाने थोरलीला दंड धरून तिच्या बसमधून उतरवलं होतं. बाईने हटकलं, तर म्हणे घरचं भांडण आहे. ताई, माझं पहिलं पोस्टर या बाईच्या रोजच्याच थांब्यावर होतं गं.

मी मुकादमाकडे निघालोच होतो. धाकटीने दार अडवलं. म्हणाली, तू त्याला मारलंस की केस तुझी होईल, माझ्या बहिणीची राहणार नाही. गप्प बसलो. मी!

चौकीत सांगितलं, साहेब नाहीत, उद्या या. आम्ही हललो नाही. कंडक्टरबाईची ड्यूटी बुडाली, तरी तीही बसून राहिली. संध्याकाळी जबाब झाला. त्यात हवालदाराने थोरली ‘स्वखुशीने उतरली’ असं घातलं होतं. बाईने सही करायला नकार दिला. पुन्हा लिहावं लागलं. मुकादम मात्र गाव सोडून पसार झालाय, आणि थोरलीचा पत्ता अजून नाहीच.

उद्या मोठ्या साहेबांना गाठायचंय. येतोस का, असं धाकटीने विचारलं नाही. नुसती वेळ सांगितली.

रागवायचं सोडू नकोस, तोच लोभ समजेन.
तुझा भाऊ