अक्काच्या पलंगाची जागा

तीर्थरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कागदावरच वाकलेय. गुडघे एकदा खाली गेले की वर यायला फार भाव खातात.) तुझा खांदा आता कसा आहे? नात अजून घास गालात धरून बसते का? सूनबाई तुला चहात दुसरा चमचा साखर घालू देते की अजून चोरूनच घालावी लागते? माझी तब्येत उत्तम आहे. विचारणारं घरात कोणी नसलं की ती उत्तमच म्हणायची.

पत्रास कारण की, मी घरात पाळणाघर काढलंय. हसू नकोस, रीतसर परवाना आहे, शिक्क्यासकट. चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले, पण आता सुईत दोरा ओवायला शेजारीणबाईंना हाक मारावी लागते, आणि त्या ओवता ओवता त्यांच्या सुनेची पूर्ण हकीकत सांगतात. म्हटलं, त्यापेक्षा मुलांचा आवाज बरा. खरं सांगायचं तर गेल्या महिन्यात तुझ्या मुलाचा फोन आला, बोलता बोलता म्हणाला, आई आता इथेच रमलीय मावशी. फोन ठेवला आणि घर इतकं गप्प वाटलं की दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज आणला.

अर्जात खोल्यांची मापं विचारली होती. टेप माझ्या गळ्यातच, त्यात काय अवघड! मी मापं इंचात घेतली आणि हाताच्या सवयीने प्रत्येक बाजूला शिलाईसाठी दोन दोन इंच माया सोडली. त्यामुळे कागदावर आपलं घर भिंतींच्या बाहेर गेलं. तपासणीला ज्या बाई आल्या (मी त्यांना मोजणीबाई म्हणते, तोंडावर नाही), त्यांनी दोनदा मोजलं, अर्ज पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं की उरलेली खोली कुठे ठेवलीय. मी म्हटलं, धुतल्यावर आटली असेल. त्या हसल्या नाहीत. सरकारी माणसं हसली की त्यांचा शिक्का उठत नाही बहुतेक.

नियम असा आहे अक्का, की एका मुलाला पस्तीस चौरस फूट मोकळी जमीन. मोकळी म्हणजे सामान सोडून. त्या दिवसापासून मला सामान दिसतच नाही, मुलंच दिसतात. कपाट अर्धं मूल खातं. शिलाई मशीन पाव मूल. ते मी स्वयंपाकघरात ढकललं, आता कणीक मळताना पाय आपोआप पायडलवर जातो. पुढच्या खोलीत अशी मारून मुटकून चार मुलं बसली. मागची खोली धरली तर आणखी दोन बसतात. पण तिथे तुझा पलंग आहे. मोठ्या माणसाचा पलंग असेल ती खोली मुलांसाठी धरत नाहीत. मोजणीबाईंनी विचारलं, इथे कोण झोपतं? मी म्हटलं, आमची अक्का. कुठे आहेत त्या? म्हटलं, मुलाकडे गेल्यात नातीला सांभाळायला, चार महिन्यांसाठी. कधी गेल्या? आता खोटं कसं बोलू, सांगितलं की पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. मग तुम्ही कुठे झोपता? म्हटलं, पुढच्या खोलीत, जमिनीवर. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कागदावर लिहिलं, ‘पलंग वापरात आहे.’ तशा वाईट नाहीत त्या.

दर ठरवताना तर माझी पुरती शोभा झाली. बाजारभाव कळावा म्हणून मी मागच्या गल्लीतल्या पाळणाघरात गिऱ्हाईक होऊन गेले. म्हटलं, नात आहे, अडीच वर्षांची. त्या बाई सवयी विचारू लागल्या आणि मी सांगत सुटले. कोणाच्या तरी कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाही, दुधावरची साय दिसली की ओरडते, आई दाराबाहेर गेली की उंबऱ्यावर पालथी पडते. सांगता सांगता ध्यानात आलं की हे सगळं तुझ्या मुलाचं आहे. तू नोकरीला गेलीस की तो माझाच कान धरून झोपायचा. माझे डोळे भरून आले. त्या बाईंना वाटलं आजी फारच हळवी आहे, म्हणून त्यांनी दर कमी करून जागा राखून ठेवली. अजून फोन करतात, नात कधी येणार? भाजीच्या गाडीवर त्या दिसल्या की मी कोबीमागे लपते.

शेवटी दर ठरवला, पण त्यात अशी अक्कल पाजळली की झोपेच्या तासांना अर्धे पैसे. कापड नुसतं पडून असलं तर आपण शिलाई घेत होतो का? तर एक बसड्रायव्हर आपलं पोर झोपलेलं आणतो आणि झोपलेलंच नेतो. त्या मुलाच्या डोळ्यांचा रंग मी अजून पाहिला नाही. आणि उरलेल्या तिघांना मी स्वतःच थोपटून थोपटून झोपवते. पायावर कुऱ्हाड मारून घेणं म्हणतात ते हेच. पण थोपटायला लागलं की हात थांबत नाही गं.

एकदा त्यातलं एक कारटं, मी त्याला भोंगा म्हणते, तुझ्या पलंगावर चढून बसलं. मी उचलून खाली ठेवलं, म्हटलं, ही अक्काची जागा. झालं! आता रोज तिघं (बसड्रायव्हरचं पोर झोपलेलंच) विचारतात, अक्का कुठंय? मी म्हणते, येतेय. मग दारात उभे राहून जाणाऱ्या प्रत्येक बाईला ‘अक्का’ म्हणून ओरडतात. भाजीवाली आता ‘ओ’ देते. मी देत नाही, पण प्रत्येक वेळी दाराकडे बघते मात्र.

मला तुझी फार आठवण येते. तर मुद्दा इतकाच, की पलंग काढू का? शेजारीणबाई न्यायला तयार आहेत. तू काढ म्हणालीस तर काढते. एका ओळीत कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. मोजणीबाई पुढच्या सोमवारी परत येणार आहेत. सहा मुलं घ्यायची तर घरात दुसरी जाणती बाई हवी, असाही एक नियम निघाला. मी तुझं नाव लिहून टाकलंय, सहीची जागा रिकामी आहे. रविवारच्या आत आलीस तर बरं. नात आता शाळेत जाते ना?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना लक्षात आलं. तू आलीस तर झोपणार पलंगावरच. पलंग राहिला तर खोली धरणार नाहीत, खोली नाही तर मुलं चारच, आणि चार मुलांना एक बाई पुरते असं नियमात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे तू आलीस तर परवान्याला तुझी काहीच गरज नाही. तीनदा मांडून पाहिलं, तेच येतं.

तरी ये.