आटलेल्या तळ्यातली हॉकी

प्रिय कांबळे सर,

आमच्या फ्रिजनं बर्फ करणं सोडलं आहे. ऐन मे महिन्यात, कसलीही पूर्वसूचना न देता! मेकॅनिक येतो, मागून-पुढून बघतो, "गॅस गेलाय" म्हणतो आणि स्वतःही जातो. या अन्यायाचा निषेध म्हणून कोमट सरबत पीत टीव्ही लावला, तर तिकडं परदेशातली पोरं गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळत होती. ज्युनिअर मुलांची विभागीय स्पर्धा म्हणे, हिवाळ्यातलं जुनं चित्रण. तळंभर बर्फ, आणि कुणाला त्याचं कौतुक नाही.

आधी हसू आलं. मग तुम्ही आठवलात आणि मी टीव्ही बंद केला. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला, सर. तळ्यात हॉकी खेळणारे जगात आपणच, असं मी समजत होतो. त्यांचं गोठतं, आपलं आटायचं, एवढाच फरक.

बहात्तरच्या दुष्काळात तळ्याचा तळ दिसला. सारं गाव खडी फोडायला गेलं आणि तुम्ही तळ्यात उतरून पावलांनी लांबी मोजत होतात, हे मी मोठ्या माणसांकडून ऐकलंय. तुम्ही म्हणायचात, "शाळंला मैदान न्हाय म्हणून किती अर्ज केले! सरकारनं तळंच कोरडं करून दिलं की." सोलापूरला रेल्वेच्या पोरांत शिकलेला खेळ तुम्ही आमच्या हाती दिलात, बाभळीच्या वाकड्या फांद्यांसकट. मग नळदुर्ग, ईट, उमरगा, सगळीकडची पोरं येऊ लागली. पण कधी? पिकांची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली जाहीर झाली, की तुम्ही वेळापत्रक काढायचात. सरकारी दुष्काळावर ठरणारी दुसरी कुठली स्पर्धा असेल हो?

टँकरच्या रांगेतून बाया ओरडायच्या, "मास्तर, तुमच्या खेळापायी पाऊस पडंना बघा!" तुमच्या घरातून काकूही त्याच रांगेत, घागर घेऊन, मान खाली घालून. तुम्ही काय मागणार? पाऊस मागावा तर मैदान जातं, मैदान मागावं तर गाव जातं. ज्या पाण्याला तुमच्या वडिलांना हात लावू दिला नव्हता, त्याच तळ्याच्या मधोमध तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवून उभे असायचात. त्याबद्दल तुम्ही एक शब्द कधी काढला नाहीत. आम्हीही विचारला नाही.

बक्षीस द्यायला गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. दर खेपेला तेच भाषण : पुढच्या वर्षी पोरांना पक्कं मैदान! पुढच्या वर्षी पाऊस व्हायचा आणि चेअरमनसाहेबांच्या शब्दावर बारा फूट पाणी चढायचं.

आता मुद्द्याचं. किती वळसे घालतोय मी!

तुमच्या स्पर्धेला पंच एकच, तुम्ही. म्हणून तुमचा एक नियम होता. चेंडू पायाला लागला तर फाउल, गोलसमोर लागला तर पेनल्टी; पण लागला का, हे ज्याचा पाय त्यानंच सांगायचं. "दुसरा पंच परवडत न्हाय आपल्याला. दुसरा पंच तुम्हीच."

शेवटची फायनल, आपली शाळा विरुद्ध उमरगा. आपण एका गोलनं पुढं, दोन मिनिटं उरलेली. वावटळ उठली आणि धुळीत उमरग्याच्या शिवा बिराजदारनं चेंडू हाणला. गोलकीपर पुढं धावलेला, गोलरेषेवर मी एकटा. चेंडू माझ्या उजव्या पायावर आदळून बाहेर गेला.

तुम्ही डोळे चोळत आलात. "दत्ता, पायाला लागला?"

"न्हाय सर. काठीला."

शिवा किंचाळला, "खोटं बोलतंय सर त्ये! पायच हाय!" तुम्ही एकदा माझ्या उजव्या पायाकडं बघितलंत. मग म्हणालात, "त्यानं सांगितलं ना? खेळा."

आणि पाऊस आला. असा पाऊस, की सारं गाव तळ्यात येऊन नाचलं. मला खांद्यावर घेतलं, सर! तुम्ही एकटे गोलचे बांबू उपटत होतात. त्या पाण्यानंतर स्पर्धा झालीच नाही. पुढं तळं आटलं तेव्हा लोकांनी गाळ उपसून शेतात नेला, आणि तळ्यात खड्डेच खड्डे उरले.

तुम्ही रागवला का नाहीत? एक थोबाडीत दिली असती तर सुटलो असतो. गेल्या दिवाळीत भेटायला आलो, तेव्हा चहाची बशी खाली ठेवत तुम्ही विचारलंत, "उजवा पाय कसाय रे तुझा?" माझ्या पायाला आयुष्यात काही झालेलं नाही. वर्तमानपत्रात लोकांची लफडी चव्हाट्यावर मांडून पोट भरणारा मी, म्हणालो काय? "बरा आहे सर." दुसऱ्यांदा खोटं. आता तिसऱ्यांदा विचारायला तुम्ही नाही.

तुमच्या दिवसकार्याला काकूंनी त्या शेवटच्या फायनलची, बक्षिसाची लाकडी ढाल माझ्यापुढं ठेवली. "घरात जागा न्हाय बाबा, घिऊन जा."

काल ती घेऊन उमरग्याला गेलो. शिवा हायवेला पंक्चर काढतो. सगळं सांगितलं. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "ठाऊक हाय की. त्या दिवशी आमचा बा म्हनला, गोल मारता येत न्हाय तर कशाला खेळतूस? काठी चुलीत घातली माजी."

"आता मार," मी म्हणालो. "उभा राहतो मी."

"गुडघा गेलाय बे. चा घे."

यावर काय करायचं असतं, सर? तुम्ही असतात तर विचारलं असतं. चहा घेतला.

एवढा शब्द देतो : यापुढं कुणी विचारलं, लागला का, तर पहिल्याच खेपेला सांगेन. दुसरा पंच आजपासून कामावर हजर.

निघताना ढाल त्याच्या फळीवर ठेवली, ट्यूबच्या खोक्यांशेजारी. शिवानं हात पुसले आणि ती जरा सरळ केली.

तुमचा,
दत्ता