घुंगरं कमी करू नका

चिखली,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रितमभाऊजींना रंभावहिनीचा नमस्कार.

इकडे ठीक आहे. दिव्याची आकुर्डीच्या कॉलेजात परीक्षा चालू आहे. नळाला पाणी पुरत नाही, गल्लीत टँकर येतो. तुमच्या आईच्या गुडघ्याचं तुमच्या रुपालीला विचारायचं राहून गेलं, ते कळवा.

रुपाली परवा येऊन गेली. चहा उभ्यानेच घेतला बिचारीने. म्हणाली, "दादांचं शेवटचं देवीचं गाणं द्या. घुंगरं फार वर आहेत, हे सगळ्या वाद्यांचा आवाज नीट बसवतील, मग वर्षश्राद्धाला लावू." चपला घालताना तिने खालीच बघून विचारलं, "वहिनी, हे आले तर चालेल का?" त्याचंच उत्तर लिहायला बसले.

ह्यांचा गाणी बसवायचा कॉम्प्युटर हे गेल्यापासून मी दिवाळीपर्यंत झाकूनच ठेवला होता. उघडला तेव्हा काही कळेना. मग त्यातलीच माहिती डिक्शनरी घेऊन वाचली. माझं सगळं शिक्षण असंच झालं आहे. तुम्हाला हे सांगायला नको, पण प्रत्येक वाद्याला एक उभी पट्टी असते, तिच्यावरचं बटण वर सरकवलं की त्या वाद्याचा आवाज वाढतो. ढोलकीची वेगळी, पेटीची वेगळी, घुंगरांची वेगळी.

देवीचं गाणं लावलं तर दिव्या आतून ओरडली, "आई, बंद कर, कानात सुया टोचतायत!" मी घुंगरांचं बटण खाली ओढलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं. तर ते बटण आपोआप वर गेलं, अगदी टोकाला. पुन्हा ओढलं, पुन्हा गेलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद आहे का ते बघून आले. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

नंतर वाचून कळलं. कोणतं वाद्य किती मोठ्याने वाजवायचं हे त्यांनी गाण्यातच लिहून ठेवलं आहे. गाणं सुरू झालं की बटण त्यांनी ठेवलं होतं तिथेच जाऊन बसतं.

मग मी त्यांची जुनी गाणी एकेक लावली. दिव्या लहान असतानाच्या गाण्यांत सगळी वाद्यं एका पातळीत आहेत. पुढे दरवर्षी घुंगरं आणि झांज थोडी थोडी वर चढत गेली. ढोलकी मात्र जागची हललेली नाही. म्हणजे ह्यांच्या कानातून बारीक आवाज गळत होते, आणि ते गाण्यात तेवढी भर घालत होते. त्यांना स्वतःला ते बरोबरच ऐकू येत होतं.

मोशीच्या हळदीत तुम्ही माइकवरून म्हणालात, "नवनाथदादा, कान फुटले का तुझे? घुंगरं वाजवतो का फायर ब्रिगेडचा बंब?" सगळा मांडव हसला. घरी येऊन हे म्हणाले, "प्रितमला नुसता धडधडाट पाहिजे. नाजूक काही ऐकूच येत नाही त्याला." त्यानंतर तुम्ही त्यांना तुमच्या गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावलं नाही. ते कामावर जायचे, जेवायचे, झोपायचे. कॉम्प्युटरपुढे बसायचे, पण मान खाली.

कंपनीत कानाची तपासणी व्हायची. हे हसत सांगायचे, "आवाज आला की बटन दाबायचं असतं. मी नर्सबाईच्या हाताकडे बघतो, ती हलली की दाबतो. शंभर टक्के पास!" कुकरच्या शिट्टीकडे लक्ष ठेवा म्हटलं की आमचा भात करपायचा. आम्ही हसायचो. फोर्जिंगच्या, दणदण लोखंड ठोकणाऱ्या हॅमरपाशी सगळं आयुष्य काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार होतं?

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते.

चाकणला कंपनीत तुम्ही फोर्कलिफ्ट मागे घेतलीत आणि हे तिच्याखाली गेले. चौकशीत तुम्ही सांगितलंत, "हॉर्न दिला, रिव्हर्सचा बझर चालू होता. दादा हललाच नाही." मयताला आलेल्या बायका कुजबुजत होत्या की मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. तुमचं ते "हललाच नाही" घेऊन मी वर्षभर झोपते आणि उठते. ते जाणूनबुजून उभे राहिले असतील का? आम्हा दोघींना टाकून? हे मी दिव्याला कधी विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही, पण तिच्याही मनात आहे. बापाच्या फोटोकडे ती सरळ बघत नाही.

परवा टँकर गल्लीत मागे घेत होते. टीं टीं टीं. मी देवीचं गाणं लावलं. टँकरचा आवाज घुंगरांइतकाच बारीक आहे, भाऊजी. बझर त्यांना ऐकूच आला नाही. हॉर्नचं म्हणाल, तर हॅमर चालू असताना तो कुणालाच ऐकू येत नाही हे तुम्हीच आमच्या ओट्यावर बसून सांगायचात. त्यांची पाठ तुमच्याकडे होती ना? माझी खात्री आहे, तरी मला ते तुमच्या तोंडून हवं आहे.

माफीचं रुपालीने विचारलं नाही, पण त्यासाठीच ती आली होती. ते मला अजून लिहवत नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहीत नाही.

वर्षश्राद्धाला या. दिव्यासमोर बसा आणि त्यांची पाठ तुमच्याकडे होती, त्यांना काही दिसलं नाही, एवढं तिला सांगा. गाणं मी लावणार आहे, जसं आहे तसं. त्याच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. ज्याला टोचेल त्याने कान झाकावेत.

तुम्ही झाकू नका.

रंभा नवनाथ