मी हलकी आहे

२ फेब्रुवारी, सकाळी ७.५०
आजपासून रोजनिशी. शास्त्रशुद्ध प्रगतीची नोंद हवी म्हणून.
सकाळी बागेत डोकं फिरलं. आमच्या रनिंग ग्रुपच्या कोचला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती त्याच्या तोंडातून निघत नाही. दोरीसुद्धा लाळेने ओली असते. आज ती काढून त्याने जाहीर केलं की ३० मार्चला टेस्ट. पाच किलोमीटर. पस्तीस मिनिटांच्या आत आलात तर धावणाऱ्यांत राहा, नाही तर फेरफटका बॅच. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. माझा टाइम अडतीस मिनिटं वीस सेकंद.
फेरफटका बॅचमध्ये माझे सासरे आहेत. वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षांपासून आमच्याकडेच राहतात. रोज जेवताना मी त्यांच्या कफाचा रंग ऐकतो. आता सकाळीही तेच? मेलो तरी नाही.

५ फेब्रुवारी
दिवसभर लॅबमध्ये कवळ्या घासल्या. लोक दातांचे ठसे देताना आधी चूळसुद्धा भरत नाहीत. एका साच्यात पालेभाजी निघाली. तीच घासताना उलगडा झाला: माझे पाय ठीक आहेत. दोष मनात आहे. मोबाइलवर एका लेखात लिहिलं होतं की धावणं हा नव्वद टक्के डोक्याचा खेळ असतो. म्हणजे मी आजवर फक्त दहा टक्क्यांचीच प्रॅक्टिस करत होतो.
संकल्प: प्रॅक्टिस बंद. फक्त माइंडसेट.

९ फेब्रुवारी
संमोहनवाल्या बाईंकडे पहिलं सेशन. ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर. खुर्चीच्या पाठीवर, डोकं टेकतो तिथे, आधीच्या लोकांच्या तेलाचा गोल डाग. मी रुमाल अंथरला. बाई म्हणाल्या, दहापासून उलटे आकडे मोजा. सातपर्यंतचं आठवतं.
नंतर बाई म्हणाल्या की मी घोरत होतो. ती झोप नव्हती, खोल संमोहनातली डीप स्टेट होती, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. रेकॉर्डिंग पाठवणार आहेत. रोज वीस मिनिटं ऐकायचं आणि वाक्यं मोठ्याने म्हणायची.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५
रेकॉर्डिंग आलं. बाईंचा आवाज छान आहे. वाक्यं अशी: मी हलकी आहे. माझे पाय जमिनीला जेमतेम टेकतात. मी धावते. मी थकत नाही. ही वाट माझी वाट बघत होती.
इयरफोनच्या जाळीत माझ्याच कानातला मळ दिसला. म्हणून स्पीकरवर लावलं. बायको त्याच खोलीत शिवणकाम करते. तिला मशीन बंद करायला लावलं. म्हटलं, वीस मिनिटं हाताने टीप घाल.
तिने विचारलं की ही हलकी कोण. मी समजावलं की ही मनाच्या आतली भाषा आहे. ताकद स्त्रीलिंगी. गती स्त्रीलिंगी. चपळाई, जिद्द, सगळं स्त्रीलिंगी. तिने दोरा तोडला आणि म्हणाली की हो, आणि आळस, कंटाळा, थकवा, घाम पुल्लिंगी.
बाई एवढ्या शिकलेल्या, चुकतील कशा? हे टेक्निक आहे.

१९ फेब्रुवारी
परिणाम सुरू! डेंटिस्टचा फोन आला, कवळीची घाई होती. मी म्हणालो, घेऊन निघाले. मग म्हणालो, दहा मिनिटांत पोचते. अख्ख्या लॅबने मेण कापायचे चाकू खाली ठेवले. पॉलिशवाला अजून मला वहिनी म्हणतोय.
क्षुद्र माणसं. यांच्या डब्यातलं लोणचं बघितलं तरी मला कसंतरी होतं. मन इतकं खोल बदलतंय आणि यांना हसू सुचतं.

२६ फेब्रुवारी
शिट्टीने टाइम घेतला. एकोणचाळीस मिनिटं पाच सेकंद. वाढला. साहजिक आहे. घर रंगवायला काढलं की आधी पसाराच होतो.
ट्रॅकवर लोक थुंकतात. खाली बघून धावावं तर ते दिसतं, वर बघावं तर पाय त्यात. तरीही मी वाक्यं मोठ्याने म्हणत होतो. शेजारून धावणारी बँकवाली बाई मी हलकी आहे ऐकून ट्रॅक सोडून गवतावर गेली. शिट्टी म्हणाला की बोलू नका, श्वास घ्या. मागच्या पिढीचा कोच.

७ मार्च
बायको हल्ली रोज सकाळी वडिलांना बागेत सोडायला येते. आधी बाकावर बसायची. आता म्हणते, बसून पाय आखडतात, म्हणून फेरी मारते. बूटही घेतलेत. मी म्हटलं, गुडघे जातील या वयात. ती म्हणाली, बघू.
संध्याकाळी इस्त्री करताना ती माझं वाक्य पुटपुटत होती. जेमतेम टेकतात, जेमतेम टेकतात. मी रोखलं. दुसऱ्याने वापरलं की वाक्याची धार जाते. ती म्हणाली की वीस मिनिटांपैकी अठरा तुम्ही झोपलेले असता, मग वाक्यं कोणाला तरी ऐकायलाच हवीत ना.
विनोद करते.

२१ मार्च
आज व्हिज्युअलायझेशन. डोळे मिटले की शेवटची रेषा दिसते. एक आकृती वाऱ्यासारखी पुढे जाते, पाठमोरी. तिला वेणी होती. मी फार बारकाईत गेलो नाही.
नऊ दिवस राहिले. मनाने मी बत्तीस मिनिटांत आलेलोच आहे. शरीराने फक्त सही करायची.

३० मार्च, सकाळी ९.२०
एक्केचाळीस मिनिटं.
कारणं: (१) पुढच्या माणसाने धावता धावता नाक शिंकरलं आणि वारा माझ्याकडे होता. (२) डाव्या बुटाची नाडी. (३) तिसऱ्या किलोमीटरला बायको माझ्याशेजारून गेली. मला वाटलं घरी काही झालं म्हणून सांगायला येतेय. थांबलो. ती थांबली नाही.
तिने टेस्टला नाव दिलं होतं. तेहतीस मिनिटं दहा सेकंद. शिट्टीने तोंडातली शिट्टी काढून तिच्याशी हात मिळवला. तिने विचारलं की तुम्ही रागावलात का. मी म्हटलं, छे. घशाला कोरड पडली होती म्हणून आवाज तसा आला.

३० मार्च, दुपारी ४
संमोहनवाल्या बाईंना फोन करून खडसावलं. त्यांनी फाइल तपासली. घाबरून म्हणाल्या की चुकून एका धावणाऱ्या मुलीसाठी केलेलं आलं असणार, पण दीड महिन्यात तुम्ही एकदाही कसं सांगितलं नाहीत? मी म्हटलं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या म्हणाल्या, मग?
फोन ठेवला.
त्यांनी लगेच नवीन पाठवलं. मी हलका आहे, मी धावतो. पूर्ण जागं राहून ऐकलं. माझा स्वतःचाच विश्वास बसेना. बायको म्हणाली, जुनं पुसू नका हं, मला पाठवा.

२ एप्रिल, सकाळी ८
फेरफटका बॅच. पहिला दिवस.
चार म्हातारे आणि मी. दर बाकापाशी थांबायचं. सासऱ्यांनी सगळ्यांना ओळख करून दिली, हे आमचे जावई. मग खाकरले. मी आधीच तोंड फिरवलं. तेवढ्यात धावणाऱ्यांची बॅच गेली. बायको मधे होती. घामाने ओली, तोंड उघडं, केस विस्कटलेले. हसत होती. असं हसताना मी तिला कधी बघितलं होतं, आठवेना.
सासरे ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले की ती शाळेत असताना तिच्या बाई घरी आल्या होत्या, पोरीला धावायला पाठवा म्हणून. मीच नको म्हणालो. मुलीच्या जातीने कशाला धावायचं, म्हणालो. ती दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाले, तुम्हाला सांगितलं असेल तिने.
नाही. तिने सांगितलं नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली. मी विचारलं नव्हतं. शाळेत तुला काय आवडायचं, एवढं साधं वाक्य, ते मी कधी म्हणालो नाही. दीड महिना मात्र तिच्यासमोर डोळे मिटून मी हलकी, मी हलकी करत होतो. आज पहिल्यांदा स्वतःचीच किळस आली.
हे सासऱ्यांना सांगावं असं वाटलं. शब्द जुळवत चालत होतो. पुढच्या बाकाच्या अलीकडे ते थांबले आणि अगदी अदबीने म्हणाले की जावईबापू, राग मानू नका, तुम्ही फारच हळू चालताय, मी जरा पुढे होऊ का?
आणि झालेसुद्धा.