टोलेडोचं इंजिन

रॉन्डा,

मी टोलेडोला इंजिन बघायला चाललोय. बाबांना नऊची गोळी दे. ते गॅरेजमध्ये त्यांच्या जुन्या शेव्हेल गाडीत जाऊन बसले तर उठवू नकोस, किल्ली माझ्याकडे आहे.

तुला खोटं सांगितलं होतं. जुनं इंजिन वयानं गेलं नाही. गळती शोधायला मी त्यात गोठू नये म्हणून घालतात ते औषध न घालता नुसतं नळाचं पाणी भरलं आणि काढायचं विसरलो. थंडीत पाण्याचा बर्फ झाला आणि इंजिनाचा लोखंडी ब्लॉक उभा चिरला. मिशिगनच्या थंडीत जन्मलेला माणूस असं करतो का? मी केलं.

दुकानदार म्हणतो, नवंकोरं घाल, दुप्पट ताकद, कटकट नाही. टोलेडोचं मात्र आपल्या गाडीसारखं सत्तर सालचंच आहे, आवाजही तोच. फक्त त्यावर कोरलेला नंबर मूळ इंजिनासारखा गाडीच्या नंबराशी जुळणार नाही. बाबा तो जुळणारा नंबर येईल त्याला दाखवायचे. पण नंबर गेला खड्ड्यात. ते आता आपल्याला ओळखत नाहीत, पण त्या जुन्या इंजिनाचा आवाज ओळखायचे. मी गाडी सुरू करून रेस दिली की ओरडायचे, "गार्थ, गाढवा, पाय काढ!" नावानिशी.

तिथे इंजिन सुरू करून मी फोन करीन. तो बाबांच्या कानाला लाव. ते काही बोलले नाहीत तर मला सांगू नकोस, नुसता फोन ठेवून दे. मग कुठलंही घेतलं तरी सारखंच.

गार्थ