तलाव द्यायचा नाही

बा, उद्या आपल्या मच्छीमार संस्थेची सभा आहे आणि तलाव ठेकेदाराला द्यायचं चाललं आहे. कागदावर नाव संस्थेचंच राहील. मासे तो पाळेल, तोच काढेल, बर्फाच्या पेटीत भरून शहरात नेईल आणि सभासदांना वर्षाचे पैसे घरपोच देईल. सगळे खूश. तुझा जावई तर सगळ्यात जास्त. "बसल्या जागी पैसे भेटून राहिले, तुह्या पोटात कायले दुखते?" म्हणतो. मी म्हटलं, "तुमी बसा. गावातल्या बायका टोपलीत काय भरून विकतील, तुमच्या मिशा?"

मला ते ढीग आठवतात. जाळं ओढून झालं की तलावाच्या पाळीवर, बांधावर, सभासदागणिक माशांचे सारखे ढीग लागायचे. मी लहान, म्हणून मला ढिगांकडं पाठ करून उभी करत. तू एका ढिगावर काठी टेकवून विचारतोस, "हा कोणाचा?" आणि मी तोंडाला येईल त्या सभासदाचं नाव घेते. म्हणजे भांडण नाही. एकदा मीच विचारलं, "मायचा कोणता?" सगळे हसले. तू काठी आपटलीस. "बाई जाळं ओढते का? चूप राह्य." माय तिथंच टोपली घेऊन उभी होती. तुझ्या वाट्याचा मासा बाजारात तीच विकायची. त्या दिवसापासून तुझ्या संस्थेवर मी दात खाऊन होते.

आता मी सभासद आहे. मासे विकणारीही मच्छीमारच, असं मत्स्य खात्यातल्या बाईकडून लिहून आणलं आणि अध्यक्षापुढं आदळलं. "आता सभा लांबणार," एक म्हातारा कुरकुरला. लांबू दे. त्या कचेरीत खेटे घालतानाच मला कळलं की बोटुकली, म्हणजे तलावात सोडायची बोटाएवढी पिल्लं, जाळी, शिकवणी, सगळं संस्थेच्या नावावर येतं. एकट्या बाईला दारात कोणी विचारत नाही. "तलाव दुसऱ्याला चालवायला दिला तर तुमच्या हातून जाईल, ताई," खात्यातली ती बाई म्हणाली. तू चपला झिजवून संस्था नोंदवली नसतीस, तर आज नाही म्हणायलाही मला जागा नसती. तू जिवंत असताना हे मी मेले तरी बोलले नसते.

उद्या मी उभी राहणार. बोटुकली आणायला मी जाते, राखणीला आम्हा बायकांच्याही पाळ्या लावा, पण मासा आधी गावातल्या टोपलीत पडेल, मग शहरात. हेच बोलणार. किती हात वर होतील ठाऊक नाही. घरातला एक तर खालीच राहील.

ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही. खरं सांगू, बा? तुझी आठवण दाटली म्हणून लिहायला बसले नाही. उद्या बोलायची तालीम करून राहिले. तुझ्यापुढं माझा शब्द फुटत नव्हता. तुला एवढं ऐकवलं, तर सभेतले ते कोण लागून गेले?